कर्ज तिच्या नावावर, उतारा त्याच्या नावावर

अर्थशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने मला विचारले आहे: विकसनशील देशांतील ग्रामीण स्त्रियांसाठी इतक्या योजना, इतके बचत गट आणि इतके कायदे असताना त्यांची आर्थिक स्थिती फारशी का पालटत नाही, आणि बेळगावच्या सीमाभागात क्षेत्रकार्य करायचे तर सुरुवात कोठून करावी? खानापूर, बेळगाव आणि निपाणी या तीन तालुक्यांतील गावांमध्ये मी पंचवीसहून अधिक वर्षे स्त्रियांचे संघ, रोजगार हमीची कामे आणि वारसा नोंदीचे अर्ज यांतच वावरले आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की आपल्याकडची ग्रामीण स्त्री कामात कोठेही मागे नाही, ती कागदात मागे आहे. शेताचा उतारा, दुधाचे खाते, बिडीचे कार्ड, पीक कर्ज, उसाचे बिल हे सारे कोणा दुसऱ्याच्या नावावर असते आणि तिच्या स्वतःच्या नावावर खात्रीने सापडणारा कागद म्हणजे छोट्या कर्जाचे हप्त्याचे पुस्तक. या एका विसंगतीचा माग काढला तर तुमच्या प्रश्नाचा बराचसा भाग उलगडतो.

आधी जागतिक आकडे पाहू, कारण प्रबंधात ते लागतीलच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ३६ टक्के स्त्रिया शेती व अन्नव्यवस्थेत आहेत, आणि शेतमजुरीत पुरुषाला एक डॉलर मिळतो तेथे स्त्रीच्या हाती ८२ सेंट पडतात. भारताच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत शेती कसणाऱ्या खातेदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते आणि त्यांच्याकडील क्षेत्र १२ टक्क्यांच्या आतच होते. हे आकडे उपयोगाचे आहेत, पण ते वाचताना एक सावधगिरी बाळगा. श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील ग्रामीण स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४७.६ टक्के झाला. सहा वर्षांत गावोगावच्या बायका एकाएकी कामाला लागल्या, असा याचा अर्थ मी तरी लावणार नाही. या वाढीतील मोठा वाटा स्वयंरोजगाराचा आहे आणि त्यात घरच्या शेतात, घरच्या गोठ्यात विनामोबदला राबणाऱ्या स्त्रियाही मोजल्या जातात. सर्वेक्षकाने प्रश्न कोणाला आणि कसा विचारला यावर हे पुष्कळ अवलंबून असते. “तुमची बायको काम करते का?” असे दारात उभ्या असलेल्या पुरुषाला विचारले तर “नाही, घरीच असते” हे उत्तर आजही मिळते, आणि ते दिले जात असताना ती बाई परसात वैरण कापत असते.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, म्हणजे उचगाव, बेळगुंदी, बेकिनकेरे या पट्ट्यात, पावसाळ्यात रताळ्याचे वेल लावले जातात. चिखलात वाकून वेल लावणे, भांगलण करणे, काढणीच्या वेळी माती झाडून रताळी निवडणे ही कामे बहुतेक बायकांची. नांगरट, वाहतूक आणि मार्केट यार्डातील सौदा ही कामे पुरुषांची. नवरात्राच्या आणि महाशिवरात्रीच्या उपवासांमुळे मागणी वाढते, भाव ठरतो, पट्टी होते आणि ती पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब व पैसे, ज्याच्या नावाने माल गेला त्याच्या हाती पडते. खानापूरच्या भातपट्ट्यात रोप लावण, भांगलण आणि कापणी यांचे तेच. पैऱ्याने काम करण्याची चाल तेथे अजून टिकून आहे. आज पाचजणी माझ्या शेतात, उद्या आम्ही पाचजणी तुझ्या शेतात, अशा या देवघेवीत पैसा हात बदलत नाही, म्हणून अर्थशास्त्राच्या तक्त्यात ती येत नाही. पण ती नसती तर लहान शेतकऱ्याला लावणीची मजुरी परवडलीच नसती. रोजगाराला जाणाऱ्या स्त्रीची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, पुरुषाच्या हजेरीपेक्षा कमी असते, आणि त्याचे कारण विचारल्यास “गड्याचे काम जड” असे सांगतात. दिवसभर कमरेत वाकून चिखलात उभे राहणे हे हलके काम कसे, असे मी एका प्रगतिशील म्हणवणाऱ्या बागायतदाराला विचारले होते. त्यांनी हसून विषय बदलला.

दुधाची गोष्ट याहून स्पष्ट आहे. म्हैस पाळणे हे आपल्या भागात जवळजवळ पूर्णपणे बायकांचे काम आहे. वैरण, शेणघाण, धार, पहाटे डेअरीला दूध घालणे, सगळे त्याच करतात. पण डेअरीचे सभासदत्व नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, बँक खाते त्याचे, आणि डेअरीच्या वार्षिक सभेला मत देण्याचा अधिकारही त्याचाच. पूर्वी दर दहा-पंधरा दिवसांनी दुधाचे बिल रोख मिळत असे आणि ते घ्यायला बाई स्वतः जात असल्याने निदान किराणा तिच्या हातून भरला जाई. पैसे थेट खात्यात जमा होऊ लागल्यावर पारदर्शकता वाढली हे खरे, पण ज्या घरात खाते पुरुषाचे होते तेथे बाईच्या हातातून जाणारा तो एकमेव पैसाही थांबला. सुधारणा चांगली होती, ती कोणाच्या नावावर झाली एवढे पाहायचे राहून गेले.

देशाच्या वेळ वापर सर्वेक्षणाने या न मोजलेल्या कामाला थोडा आकार दिला. २०२४ च्या फेरीत घरच्या माणसांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटांचा वेळ गेला आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटांचा. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांचीही नऊ मिनिटे वाचली.

आता निपाणीकडे वळते, कारण हा नावाचा प्रश्न तेथे सर्वांत जुना आणि सर्वांत बारकाईने पाहता येण्यासारखा आहे. निपाणी परिसर बिडीच्या तंबाखूसाठी ओळखला जातो. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तेथे मोठे आंदोलन केले, आणि त्याच सुमारास वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायकाही संघटित झाल्या होत्या. शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून झालेले आंदोलन पुष्कळांना आठवते. वखारीतल्या बायकांचे आंदोलन आठवणारी माणसे मात्र कमी भेटतात, आणि यालाही मी कागदाचाच प्रश्न मानते.

बिडीचे काम घरात चालते. ठेकेदार पाने, जर्दा आणि सूत मोजून देतो, ठरलेल्या वजनातून ठरलेल्या बिड्या परत याव्यात असा हिशेब असतो, आणि मोबदला दर हजारी. दिलेली पाने वाईट निघाली किंवा कापताना वाया गेली तर कमी पडणारी पाने बाईने पदरच्या पैशाने बाजारातून घ्यायची. शिवाय तपासणीत ठेकेदार काही बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो. छाटलेल्या बिडीचे पैसे मिळत नाहीत आणि ती बिडीही परत मिळत नाही. हजार बिड्या वळायला सराईत हाताला जवळजवळ सगळा दिवस लागतो आणि त्यात पाने कापायला, बिड्यांची तोंडे दुमडायला घरातल्या मुलींचे हात हमखास लागतात. मजुरीचा दर पाहताना हे दुसऱ्या-तिसऱ्या हाताचे श्रम त्यात धरावेत, म्हणजे खरा रोज किती पडतो ते कळेल.

कायदा येथे कमी नाही. बिडी व सिगार कामगारांसाठी १९६६ चा कायदा झाला, १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला, आणि घरी बसून बिडी वळणारी स्त्रीसुद्धा भविष्य निर्वाह निधीस पात्र आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. अडचण वेगळीच आहे. बिडी कामगार म्हणून नोंदीचे कार्ड असते सासूचे. वीस वर्षांपूर्वी सासूने नाव नोंदवलेले असते, पुढे तिची नजर मंदावते, हात थांबतात, आणि बिड्या वळते सून. नवे कार्ड द्यायला ठेकेदार नाखूश असतो, कारण प्रत्येक नव्या कार्डाबरोबर त्याच्या मालकावर निधीचा वाटा येतो. म्हणून निधी सासूच्या खात्यात साठतो. सासू वारल्यावर तो वारसाला, म्हणजे बहुधा मुलाला मिळतो. सुनेची दहा-पंधरा वर्षे कोणत्याच नोंदीत नसतात. अशा एका सुनेसाठी मी स्वतः संबंधित कार्यालयात तीनदा गेले होते. तेथील कारकून सहानुभूतीने वागला, पण त्याच्यापुढच्या नोंदवहीत ती बाई अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे त्याला काही करता आले नाही. जीएसटी आल्यानंतर बिडी कामगार कल्याणाचा स्वतंत्र उपकरही राहिला नाही, आणि त्या पैशावर चालणाऱ्या दवाखान्यांची व शिष्यवृत्तीची भिस्त आता अर्थसंकल्पावर आहे.

जमिनीच्या कायद्याबद्दल तुम्ही वाचले असेलच, तरी सीमाभागातील मेख सांगते. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती कर्नाटकाने केंद्राच्या आधीच केली होती, आणि ती ३० जुलै १९९४ पासून लागू झाली. परंतु त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना तीतून वगळले होते. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद गेला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात आज आपली मुलगी मुलाच्या बरोबरीने उभी आहे.

गावात मात्र हक्कसोड चालते, म्हणजे बहीण आपला हिस्सा लिहून सोडते. वडील वारले की नाडकचेरीत, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयात, वंशावळ द्यावी लागते, आणि काही वेळा तीत मुलींची नावे घातलीच जात नाहीत. घातली तर दिवस-कार्य उरकण्याच्या आतच “तुझ्या सह्या तेवढ्या राहिल्यात” असा निरोप येतो. बहीण सही करते. ती अडाणी असते म्हणून सही करते, असे समजू नका. नवऱ्याने टाकले, सासरी छळ झाला, बाळंतपण आले तर पाठ टेकायला माहेरच आहे हे ती जाणून असते, आणि तो दरवाजा उघडा राहण्याची किंमत म्हणून ती आपला हिस्सा सोडते. ज्या समाजात स्त्रीला दुसरा कोणताही विमा नाही तेथे हा व्यवहार अविचाराचा म्हणता येत नाही. म्हणून केवळ ‘जागृती’ करून हक्कसोड थांबेल असे मानणारे कार्यक्रम मला अपुरे वाटतात.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. चंदगड, गडहिंग्लज, आजरा येथील मुली बेळगाव-खानापुरात दिल्या जातात आणि इकडच्या तिकडे जातात. ही सोयरीक १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपेक्षा फार जुनी आहे. पण माहेरचा सातबारा मराठीत व महाराष्ट्राच्या तहसीलमध्ये, आणि सासरचा पहाणी उतारा कन्नडमध्ये व कर्नाटकाच्या कार्यालयात, अशी तिची विभागणी झाली आहे. मराठी शाळेत सातवी-दहावीपर्यंत शिकलेली, वर्तमानपत्र सहज वाचणारी बाई सासरच्या उताऱ्यापुढे निरक्षर ठरते. कर्जाच्या करारावर, हक्कसोडपत्रावर, वारसा अर्जावर ती जे न वाचता अंगठ्यासारखी सही करते त्याचे हे साधे कारण आहे. गेल्या काही वर्षांत घरातील शाळकरी मुले कन्नड वाचू लागली आहेत आणि आईची कागदपत्रे तीच वाचून दाखवतात. ही चांगली गोष्ट आहे. तरीही आईचे कर्ज किती हे बारा वर्षांच्या मुलाने तिला सांगावे, हे पाहताना मला दर वेळी अवघडल्यासारखे होते.

महाराष्ट्रात शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. पतीने स्वखुशीने पत्नीचे नाव जमिनीला लावावे असे तीत आवाहन होते, आणि १९९२ मध्ये महाराष्ट्र शासनाने सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट करून दिली. सीमेअलीकडच्या आमच्या गावांना तिचा उपयोग नव्हता. आमच्याकडे याहून जवळची तरतूद २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे. त्यानुसार विवाहित दावेदाराचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावाच लागतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील गवळी आणि इतर कुटुंबांना पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा आणताना नाकी नऊ येतात हे खरे, पण ज्या थोड्या ठिकाणी दावा मंजूर झाला तेथे पहिल्यांदाच जमिनीच्या कागदावर बाईचे नाव कोणाच्या मेहरबानीशिवाय आले. रवांडाने देशभर जमिनीची नोंदणी करताना विवाहित जोडप्याची नावे एकत्र घातली, आणि इथिओपियाच्या काही भागांतही संयुक्त दाखले दिले गेले. या सर्वांमधील समान धागा असा की नाव लावण्याचे काम कुटुंबाच्या उदारपणावर न सोडता नोंदणीच्या नमुन्यातच बसवले होते.

जमीन नावावर नसण्याचा परिणाम केवळ भावनिक नसतो. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये जमीनधारकाला मिळतात. पीक कर्ज, पीक विमा, अनुदानावरचे बियाणे, नुकसानभरपाई यांची वाट उताऱ्यातूनच जाते. खानापुरातील कितीतरी घरांमधले पुरुष गोव्यात कामाला आहेत, काही सैन्यात आहेत, आणि शेत पूर्णपणे बाईच्या हाती आहे. पीक वाहून गेले तर पंचनाम्याच्या वेळी सही मात्र गोव्यातल्या माणसाची लागते.

या बाईला बँक कर्ज देत नाही, कारण तारण नाही. म्हणून ती दुसरीकडे जाते, आणि ही बाजू मी थोडी सविस्तर सांगते. आपल्याकडे ज्याला ‘संघ’ म्हणतात, महाराष्ट्रात ज्याला बचत गट म्हणतात, त्याची मूळ कल्पना सोपी व चांगली होती: दहा-वीस बायकांनी आठवड्याला थोडे साठवायचे, आपसांत कर्ज द्यायचे, व्याज गटातच राहायचे आणि पुढे बँकेने गटाला पत द्यायची. नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेने १९९२ मध्ये गट व बँक यांची जोडणी प्रायोगिक स्वरूपात सुरू केली, आणि कर्नाटकाने २००० मध्ये ‘स्त्री शक्ती’ योजना आणली. त्या काळातील गटांनी बायकांना बँकेची पायरी चढायला शिकवले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पुढे त्याच गटाच्या सवयीवर, म्हणजे वेळेवर जमणे, एकमेकींची हमी घेणे, हप्ता न चुकवणे या शिस्तीवर, सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी आपला धंदा उभारला. बचत मागे पडली आणि कर्ज तेवढे राहिले. गटातील मैत्रीण वसुलीची साखळी झाली. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या नऊजणी तिच्या उंबऱ्यावर बसतात.

हिशेब करून पाहा. ५०,००० रुपये २४ महिन्यांसाठी वार्षिक २४ टक्क्यांनी, उतरत्या शिलकीवर घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे २,६४० रुपये येतो. तेच १२ टक्क्यांनी घेतले तर सुमारे २,३५० रुपये. फरक महिन्याला तीनशे रुपयांच्या आतच आहे. म्हणून केवळ व्याजदरावर बोट ठेवणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही. घर बुडते ते कर्जांच्या संख्येने. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज, दुसरीसाठी तिसरीचे, आणि त्यातले एखादे कर्ज भावजयीसाठी किंवा शेजारणीसाठी स्वतःच्या नावावर घेतलेले. शेवटी सोने गहाण जाते. ज्या कारणासाठी कर्ज घेतले असे अर्जात लिहिलेले असते, म्हणजे शिलाई मशीन किंवा म्हैस, त्यासाठी ते फार क्वचित वापरले जाते. मी पाहिलेल्या घरांत ते दवाखाना, लग्न, घराची दुरुस्ती, नवऱ्याची गाडी यांवर गेले. कर्ज घरासाठी होते, जबाबदारी मात्र तिची एकटीची.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबालाच असे विनातारण कर्ज सूक्ष्म कर्ज म्हणून देता येते, सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, आणि वसुलीसाठी सकाळी नऊपूर्वी किंवा संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही. कागदावर हे पुरेसे कडक आहे. पण उत्पन्नाचा आकडा भरतो कोण? कर्ज देऊ पाहणारा प्रतिनिधीच. जाच वाढल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला आणि दहा वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. त्यानंतर काही गावांत उंबऱ्यावर येऊन बसणे थांबले. त्याच वेळी नवे कर्जही आटले, आणि ज्या बायकांना मुलांची फी भरायला पैसे हवे होते त्या पुन्हा खासगी सावकाराकडे वळल्या.

कर्जाखेरीज तिच्या नावाने दुसरे काही येऊ लागले ते अगदी अलीकडे. ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेत रेशन कार्डावरील कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यात महिन्याला २,००० रुपये जमा होऊ लागले, आणि त्याआधी ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून स्त्रियांचा प्रवास मोफत झाला. फुकटाची सवय लागते वगैरे टीका मी ऐकते, पण मला ती पटत नाही. आयुष्यात प्रथमच स्वतःच्या खात्यावर दरमहा पैसा येणाऱ्या बाईच्या बोलण्यातला फरक पाहण्यासारखा असतो, आणि बसभाडे वाचल्यामुळे खेड्यातली भाजीवाली गावातल्या दलालाला माल देण्याऐवजी बेळगावच्या बाजारात स्वतः बसू लागल्याचीही उदाहरणे मी पाहिली आहेत. तरी दोन गोष्टी नोंदवा. पैसा कुटुंबप्रमुख स्त्रीला मिळतो, म्हणजे एकत्र घरात तो सासूला मिळतो आणि त्यावरून चूल वेगळी करण्याचे वाद झाले आहेत. दुसरे असे की खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्यातल्या काही वाड्यांवर रस्ताच धड नाही, आजारी बाईला बाजेवर घालून खांद्यावरून आणावे लागते. तेथे मोफत बसचा उपयोग काय? वर केलेला हिशेबही येथे जोडा. हप्ता २,६४० रुपये आणि गृहलक्ष्मी २,०००. ती रक्कम जमा झाल्याचा संदेश येतो आणि पुष्कळ घरांतून ती त्याच आठवड्यात हप्त्यात जाते.

सीमेवर या योजनांची तुलना रोज होते. पलीकडे जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीला १,५०० रुपये, इकडे २,०००. पलीकडे एसटीत निम्मे तिकीट, इकडे पूर्ण माफी. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा दर कर्नाटकात ३७० रुपये आणि महाराष्ट्रात ३१२. एकाच ओढ्याच्या दोन काठांवरच्या बहिणी हे आकडे तोंडपाठ सांगतात. मात्र लग्न होऊन इकडे आलेल्या मुलीचे आधार माहेरच्या पत्त्यावर राहिले आणि सासरच्या रेशन कार्डात नाव चढायचे राहिले, तर ती दोन्ही यादीत नसते. नवविवाहितांमध्ये हा गोंधळ इतका सर्रास आहे की आता मी कोणत्याही गावात बैठकीच्या सुरुवातीलाच तो विचारते.

स्त्री-पुरुषांना खरोखर समान मजुरी मी प्रथम पाहिली ती नरेगाच्या, म्हणजे राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीच्या, कामावर. २००५ च्या कायद्याने कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी दिली आणि खानापूर तालुक्यात बायकांनी संघटित होऊन ती मागून घेतली. तळ्यातला गाळ, चर, बांध ही कामे त्यांनी केली. त्यातला खरा धडा ‘नमुना ६’ चा, म्हणजे काम मागण्याच्या लेखी अर्जाचा होता. काम हवे असे तोंडी सांगितले तर पंचायत “पुढच्या आठवड्यात बघू” म्हणते. नमुना ६ भरून त्याची तारखेसह पोच घेतली तर पंधरा दिवसांत काम द्यावे लागे, नाहीतर बेकारी भत्ता. पोच देण्याची टाळाटाळ का होते हे यातून कळेल. जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली, आणि खानापूरच्या जंगलात नेटवर्क नसल्याने केलेल्या कामाचे खाडे लागल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ केले आहेत, पण शेतीच्या ऐन हंगामात वर्षाला एकूण साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभाही आहे. ज्या दिवसांत शेतमालकाला बाईची गरज असते नेमक्या त्याच दिवसांत तिच्याकडे दुसरा पर्याय नसेल, तर हजेरीची घासाघीस ती कशाच्या बळावर करणार, हे तुम्ही तुमच्या अभ्यासात जरूर तपासा.

आरोग्याविषयी एकच आकडा देते: पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातील १५ ते ४९ वयोगटातील ४७.८ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या बायकांच्या मजुरीची आपण चर्चा करतो त्यांतल्या जवळजवळ निम्म्या अशा शरीराने काम करतात.

क्षेत्रकार्याची सुरुवात ‘उत्पन्न किती’ या प्रश्नाने करू नका. तिला ते सांगता येत नाही, कारण तिचे उत्पन्न कोणी तिला वेगळे दाखवलेलेच नसते. घरातली कागदांची पिशवी काढायला सांगा. प्रत्येक घरात ती असते, बहुधा कपाटावर किंवा देवघराच्या मागे, कापडी किंवा प्लॅस्टिकची. तिच्यासमोर बसून एकेक कागद काढा आणि प्रत्येकावर नाव कोणाचे ते लिहून घ्या: पहाणी, रेशन कार्ड, डेअरीचे पुस्तक, बिडीचे कार्ड, जॉब कार्ड, बँक पासबुक, सोन्याच्या गहाणवटीची पावती, हप्त्याची कार्डे. कन्नड वाचणारे कोणीतरी सोबत न्या, आणि शक्यतो ते त्या घरातले नसावे. दुपारी दोन ते चार ही वेळ बरी, त्याआधी ती शेतात असते आणि त्यानंतर धारेची वेळ होते. हप्त्याचा वार टाळा. आणि बैठक संपवताना तिच्या काम मागणीच्या अर्जाच्या पोचेची एक प्रत मोबाइलवर काढून तिच्याच मुलीच्या फोनवर ठेवून या, कारण मूळ पोच पुढच्या वेळी त्या पिशवीत असेलच असे नाही.